मुंगीचं स्टूल

टिंग.

एवढासाच आवाज. स्टीलच्या वाटीत एक बारीक स्क्रू पडला होता. पण बाळ नुकतं झोपलेलं असलं की घरातली शांतता काचेच्या भांड्यासारखी असते, नुसतं नख लागलं तरी वाजते.

आजी होती तशी थिजली. टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसलेल्या नातीने, मुंगीने, दोन्ही हातांनी तोंड दाबलं. स्वयंपाकघरात सुनेच्या हातातलं पातेलं ओट्यापासून चार बोटं वर तसंच अधांतरी राहिलं. तिघींचे कान पुढच्या खोलीतल्या पाळण्याकडे लागले. पाळण्यातून एक लांब सुस्कारा आला, मागोमाग काहीतरी चोखल्यासारखा मुचमुच आवाज, आणि मग काहीच नाही.

"वाचलो," मुंगी कुजबुजली.

सून पदराला हात पुसत दारात आली. झोप न मिळालेल्या माणसाच्या डोळ्यांत एक वेडसर चमक असते, ती तिच्या डोळ्यांत होती. "अहो आई, अर्धा जन्म थोपटलंय मी त्याला. आता उठला ना, तर तुमच्या त्या तारेवर वाळत घालीन."

"घाल की. लंगोट घालतेसच."

"ती तार माझ्या दोरीला अगदी लागून आहे, त्याला मी काय करू? ओला लंगोट हातात आला की दोरी कुठली आणि अँटेना कुठली, काही सुचत नाही."

"तरीच माझा आवाज कुठे पोचत नाही. वाटेत लंगोट आडवे येतात."

सून आवाज न करता हसली. हल्ली त्या घरात सगळेच तसं हसायला शिकले होते, नुसते खांदे हलवून. मग ती टेबलाकडे बघत क्षणभर घुटमळली. "सोमवारपासून..." म्हणाली आणि थांबली.

"माहीत आहे गं. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं उचलते. तुझं ऑफिसचं मशीन कुठे ठेवायचं तेही मी बघून ठेवलंय, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येणार नाही असं."

सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिचं ऑफिस याच मागच्या खोलीत, याच टेबलावर भरणार होतं, आणि बाळ आजीच्या मांडीवर. हे आजीनेच ठरवलं होतं, तेही हौसेने. मुलगा कामासाठी निम्मा महिना बाहेरगावी असायचा. सुनेने नोकरी सोडावी असं आजीच्या स्वप्नातही आलं नसतं. ती स्वतः दोन बाळंतपणं करून पुन्हा कामावर गेलेली बाई होती. त्यामुळे मनात खंत अशी नव्हती. फक्त एक गोष्ट राहून गेली होती, आणि तिला आता एकच रविवार उरला होता.

आजीने सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे उभं आयुष्य काढलं होतं. निवृत्तीनंतर पहिले काही महिने तिने घरातल्या सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, मग कपाटं आवरली, मग आवरलेलीच कपाटं पुन्हा आवरली. तेवढ्यात दाढ दुखायला लागली, आणि दाढेमुळे तिचं नशीब उघडलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या गच्चीवर एक लांबलचक तार होती. खुर्चीत बसता बसता आजीने सहज विचारलं, "ती तार कसली हो?" झालं. तोंड उघडायला लावून, त्यात कापूस कोंबून डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला जी सुरुवात केली, ती दाढ निघून हातात आली तरी संपेना. हौशी रेडिओ. स्वतः बांधलेल्या सेटवरून, फोन नाही, इंटरनेट नाही, नुसत्या तारेवरून हवेत हाक मारायची आणि कुठला कोण माणूस उत्तर देतो ते बघायचं. आजीला हो-नाही म्हणायची सोय नव्हती. ती नुसती "आं, आं" करत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तो होकार धरला आणि पुढच्या खेपेला कवळीच्या मापाबरोबर एक पुस्तक हातात ठेवलं.

आजीने आधी शिष्टाचार म्हणून पुस्तक उघडलं आणि मग ते खाली ठेवता येईना. विजेला वाट हवी असते, अडवली की ती गरम होते, साठवली तर धीर धरते, आणि ट्रान्झिस्टर नावाचा तीन पायांचा किडा इवल्याशा इशाऱ्यावर मोठं काम करतो. हे सगळं इतकी वर्षं भिंतीतल्या बटणामागे चाललं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा तिला चक्क राग आला. ती परीक्षेला बसली. निकाल आला तेव्हा मुलाने फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं, "आई पास झाली!" तिला परवाना मिळाला आणि त्यासोबत अक्षरं-आकड्यांचं एक छोटंसं नाव मिळालं. हवेतलं नाव. घरात ती आई होती, आजी होती, जिन्यात काकू होती. ही सगळी नावं कुणा ना कुणाच्या नात्याने आली होती. हे एकटंच तिने अभ्यास करून मिळवलं होतं.

पण त्या नावाने तिला अजून कुणी हाक मारली नव्हती.

दर रविवारी सकाळी आसपासचे हौशी लोक एका ठरलेल्या ठिकाणी जमायचे. ठिकाण हवेतलंच. एक म्हातारेसे गृहस्थ हजेरी घ्यायचे, मोर्सच्या टिक-टाकमध्ये, शिकाऊ मंडळींनाही समजेल इतक्या सावकाश. आजीला ते सगळं ऐकू यायचं. जरा खरखर असायची, पण यायचं. ती आपल्या टिक-टाक पाठवायच्या कळीवर बोट ठेवायची, आपलं नाव पाठवायची, पुन्हा पाठवायची. हजेरी पुढे सरकायची. "अजून कोणी?" असं विचारून थोडं थांबून म्हातारबुवा निरोप घ्यायचे. आजी कानावरचे हेडफोन काढून म्हणायची, "माझाच हात जड. त्यांना कळत नसेल." आणि जुन्या जेवणाच्या डब्यात बसवलेला तो सेट पुन्हा उघडायची, स्क्रू घट्ट करायची, डाख तपासायची. आजही तेच चाललं होतं.

"आजी, स्क्रू मी शोधू?" मुंगीने विचारलं.

"शोध. पण वाटी वाजवायची नाही."

मुंगी पहिलीत होती. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला सापडायचा, म्हणून मुंगी. आणि या सेटमध्ये तिचा अर्धा वाटा होता. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन करायचं होतं, पण आधी बाळ, मग बाळाचं जावळ, मग आणखी काहीतरी, असं ते पुढे ढकललं जात होतं. भिंग लावलं की आकार दिसत, पण रंगांची खिचडी व्हायची. तपकिरी आणि लाल यांच्यात तिला फरकच कळेना. आणि रेझिस्टर म्हणजे तांदळाएवढ्या दाण्यावर रंगीत पट्टे. त्या रंगांवरूनच तो विजेला किती अडवणार ते कळायचं.

तेव्हा आजीने दवाखान्यातली रीत काढली. तिथे बाटली फळीवरून उतरली की एकीने चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि दुसरीने ऐकताना नुसती मान न डोलावता खरोखर पडताळायचं. घरात वाचायचं काम मुंगीचं. आजी रेझिस्टर चिमट्यात धरायची. शेवटचा पट्टा बाकीच्यांपासून जरा लांब असतो, तेवढं तिला दिसायचं. तो आपल्या उजव्या हाताला येईल असा ती धरायची आणि मुंगी टेबलापलीकडून गंभीर आवाजात वाचायची, "जांभळा... हिरवा... काळा..." सेटच्या जोडणीच्या नकाशात तसा सापडला नाही की मुंगी म्हणायची, "फिरव गं जरा," आणि मग सापडायचा. तो त्यांचा खेळच झाला होता.

सुरुवातीला आजी दर रेझिस्टर मीटरवरही तपासून घ्यायची. एकदा मुंगीने ते पाहिलं आणि तिचा ओठ थरथरला. "मी बरोबर वाचलं होतं की. तुझा माझ्यावर विश्वासच नाही." घरात नवं बाळ आलं होतं, आईची मांडी वाटली गेली होती, सगळे तिला आता मोठी झालीस म्हणत होते. आजीने मीटर खणात ठेवून दिलं. पुन्हा बाहेर काढलं नाही.

शनिवारी सकाळी कवळी टोचते म्हणून आजी डॉक्टरीणबाईंकडे गेली. खरं तर कवळी तितकीशी टोचत नव्हती.

"काकू, अजून आला नाही हो तुमचा आवाज. मी रविवारी कान लावून असते. आ करा." आरसा तोंडात गेला. "अँटेना काढून त्या जागी मी दिलेला छोटा दिवा लावून बघितलात? कळ दाबली की लागतो?"

"आं... अं अं."

"नाही? बघितलाच नाहीत? कमाल आहे! म्हणजे तुम्ही आपला हात वाईट, हात वाईट म्हणत बसलात, आणि सेटमधून काही बाहेर पडतंय की नाही तेच बघितलं नाही?" तिने आरसा काढला. "नळाला पाणी आलं नाही तर आपण नळाला बोल लावतो का? टाकीपासून बघत यायचं. दिवा लागला नाही तर कळ दाबून धरा आणि एकेका ट्रान्झिस्टरला बोट लावा. काम करणारा कोमट लागतो. थंड लागला की तिथे गडबड."

"म्हणजे ताप बघतात तसं."

"उलटं. इथे ज्याला ताप नाही तो आजारी." डॉक्टरीणबाईंनी कवळी घासून परत दिली. "हिला काही झालेलं नाही बरं का. पुढच्या वेळी सरळ रेडिओचं विचारायला या, मी पैसे घेणार नाही आणि तोंडही उघडायला लावणार नाही."

दुपारी बाळ झोपलं. आजीने दिवा जोडला, कळ दाबली. दिवा लागला नाही. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट बरंच वाटलं. हात जड नव्हता! इतके रविवार ती उगीच स्वतःला बोल लावत होती. तिने बोट लावून पाहिलं. पहिला ट्रान्झिस्टर कोमट होता. दुसरा थंडगार.

दुसऱ्याच्या पायाशी एक रेझिस्टर होता. नकाशात तिथे एकशे वीस हवा होता. आजीचा हात खणाकडे, मीटरकडे गेला आणि तसाच थांबला. समोर स्टुलावर मुंगी हनुवटी टेबलावर टेकून बसली होती.

"आजी, मी वाचू?"

"वाच."

"तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी."

नकाशात तेच होतं. एकशे वीस. आजीने भिंग खाली ठेवलं. सगळं बरोबर होतं आणि तरी तो थंड होता. दवाखान्यात असं झालं की मोठ्या बाई एकच गोष्ट सांगायच्या, जिथे उभ्या होतात तिथेच परत उभ्या राहा. आजीला ती खिडकी आठवली, तो अरुंद ओटा, आणि वाचणारी नि ऐकणारी अशा दोघी खांद्याला खांदा लावून, एकाच बाजूला उभ्या.

एकाच बाजूला.

तिने टेबलाच्या पलीकडे पाहिलं. तिचा उजवा हात होता त्या बाजूला मुंगीचा डावा हात होता. म्हणून तर इतक्यांदा फिरवावं लागायचं! बाकीचे उलटे वाचले की नकाशात सापडत नसत, म्हणून ते फिरून जागेवर आले. पण एखादा असाही असेल, की उलटा वाचला तरी कुठे ना कुठे बसतो.

आजीच्या तोंडावर आलं होतं, अगं आपण उलटं वाचत होतो. पण तिने ते गिळलं. सोल्डरिंग आयर्न तापवून दोन डाख सोडवून गुपचूप बदलून टाकणंही सोपं होतं. मुंगी खाली खेळायला गेली असती तेवढ्यात झालं असतं. तेही तिला नको वाटलं. मग उठली, टेबलाला वळसा घालून गेली, मुंगीला तिथेच उभं केलं आणि स्टूल उचलून आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं.

"इकडे बस. माझ्याजवळ."

"का?"

"मला तुझा वास आवडतो म्हणून. बस आणि पुन्हा वाच."

मुंगी बसली. भिंगातून वाकून तिने वाचलं, "तपकिरी, काळा..." आणि अडखळली. पुन्हा वाचलं. "तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. आजी, हा बदलला! आत्ता वेगळा होता!"

"मग हा किती झाला?"

मुंगीने ओठ हलवत नकाशात बोट फिरवलं. "दहा हजार. पण दहा हजार तर... तिकडे आहे." तिने सेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात, ऐकण्याच्या भागात बोट दाखवलं, तिथेही मान वाकडी करून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हा एकशे वीस आहे. दोघं एकमेकांच्या घरात गेलेत."

म्हणूनच ती खरखर होती तर. आजी काही बोलायच्या आत मुंगीचा ओठ थरथरायला लागला. "मी चुकले. माझ्यामुळे तुझा आवाज गेला नाही. सगळे रविवार."

"कोण म्हणतं? तू होतं तेच वाचलंस. अगदी एकेक रंग बरोबर."

"मग कोण चुकलं?"

"स्टूल. स्टूल चुकलं. मी ते चुकीच्या जागी ठेवलं होतं."

मुंगीने खाली स्टुलाकडे पाहिलं. मग त्याच्या पायाला एक हलकीशी चापट मारली. आजीने आयर्न तापवलं. दोन्ही रेझिस्टर निघाले, आपापल्या घरी गेले. लावण्याआधी मुंगीच म्हणाली, "मीटर काढ ना. आपण दोघी बघू." मीटरने मुंगीचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं तेव्हा तिने आजीकडे असं पाहिलं, जणू परीक्षा मीटरचीच होती आणि ते पास झालं होतं.

आजीने कळ दाबली. शेंगदाण्याएवढा दिवा पिवळा झाला. कळ सोडली, विझला. मुंगी ओरडायला गेली आणि आजीने तिचं तोंड दाबलं, आणि दोघी खांदे हलवून इतक्या हसल्या की हसण्यानेच टेबल खडखडलं आणि बाळ उठलं.

रविवारी सकाळी सुनेने कुणी न सांगता दोरीवरचे सगळे लंगोट काढून आणले. "तुमची वाट मोकळी केली," म्हणाली. हजेरी सुरू झाली. आता खरखर नव्हती, म्हातारबुवांची टिक-टाक दारावर कुणी बोटाने वाजवावं तशी स्वच्छ येत होती. एकेक नाव येऊन गेलं. "अजून कोणी?"

आजीने कळीवर बोट ठेवलं आणि नेमका तेव्हाच बाळाने टाहो फोडला. आजीचा दुसरा हात आपसूक हेडफोनकडे गेला. उठायची तिला इतकी सवय होती.

"बसा हो!" सून बाळाला खांद्यावर टाकून दारात उभी होती. "तो रोजच रडतो. त्याचं काय एवढं. तुम्ही बोला."

आजीने आपलं हवेतलं नाव पाठवलं. सावकाश, एकेक अक्षर. मग थांबली. खोलीत बाळ मुसमुसत होतं, मुंगीने श्वास कोंडून धरला होता.

आणि मग आलं. हेडफोनमध्ये, कुठल्या कोण म्हाताऱ्या माणसाच्या बोटातून, तिचंच नाव. अक्षरं आणि आकडे, एकही न गाळता. मागोमाग "सुप्रभात." मागोमाग "आवाज सुंदर."

आजीच्या डोळ्यांत आधीच धुकं होतं, त्यात पाणी आलं, त्यामुळे तिला काहीच दिसेना. "आलं?" सून विचारत होती. "आई, आलं का?" आजीने एक बाजू उचलून हेडफोन तिच्या कानाला लावला. सुनेला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "किती गोड वाजतं तुमचं नाव." टेबलावरच्या मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचा निरोप येऊन पडला, त्यात शब्द नव्हते, नुसते उड्या मारणारे दात होते.

संध्याकाळी आजी ठरल्याप्रमाणे टेबल आवरायला बसली. डबा बंद केला, स्क्रू लावले, वायरी गुंडाळल्या. बाळ सुनेच्या मांडीवर दूध पीत होतं. आजीने सेट कपाटात ठेवायला उचलला तेव्हा सून न बघताच म्हणाली, "तो खिडकीत राहू दे. माझं मशीन काय, अर्ध्या टेबलात मावतं. रविवारी मी कुठे काम करणार आहे?"

आजीने डबा खिडकीत ठेवला. बाहेर उजेड उतरत होता, तार आणि दोरी शेजारी शेजारी होत्या आणि दोरीवर पुन्हा लंगोट हलत होते. मुंगी स्टुलावर, आजीला चिकटून, वाटीतले उरलेले स्क्रू आवाज न करता मोजायचा प्रयत्न करत होती. मध्येच थांबली.

"आजी, आज त्या आजोबांनी ऐकलं ना तुझं नाव?"

"ऐकलं की."

"ते त्यांच्याजवळ आहे आता."

"हो. आहे."

"मग आधी तू इतके रविवार जे पाठवलंस, थोडंसं तरी गेलं असेल ना गं बाहेर, आणि कुणीच घेतलं नाही," मुंगीने खिडकीबाहेर, तारेच्याही पलीकडे पाहत विचारलं, "ते कुठे थांबलंय?"